तिसरा आणि चौथा निवडून आले: ऑक्सफर्डशायर, १७५४

१७५४ सालच्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायर या काउंटीत संसदेसाठी मतदान झालं. जागा दोन, उमेदवार चार. १७ ते २३ एप्रिल असं चाललेलं मतदान संपलं तेव्हा आकडे असे होते: लॉर्ड वेनमन २०३३, सर जेम्स डॅशवूड २०१४, लॉर्ड पार्कर १९१९, सर एडवर्ड टर्नर १८९०. टोरी आणि व्हिग हे तेव्हाचे दोन राजकीय पक्ष. पहिले दोघे टोरी, नंतरचे दोघे व्हिग. बरोबर एका वर्षाने, २३ एप्रिल १७५५ रोजी, हाऊस ऑफ कॉमन्सने निकाल दिला आणि सभागृहात जागा मिळाली ती पार्कर आणि टर्नर यांना, म्हणजे तिसऱ्याला आणि चौथ्याला.

मोजणीत चूक सापडली म्हणून हे झालं नाही. मतदाराच्या पायाखालची जमीन त्याच्याकडे कोणत्या हक्काने आहे, या प्रश्नावर निवडणूक फिरली. मालमत्तेवर आधारलेला मताधिकार म्हटलं की श्रीमंताला मत आणि गरिबाला नाही, एवढंच आपल्या डोळ्यांसमोर येतं. ऑक्सफर्डशायरचं प्रकरण नीट वाचलं की त्याहून खोल गोष्ट हाती लागते. इथे मत माणसाचं नव्हतंच. ते जमिनीचं होतं, आणि जमिनीतही विशिष्ट प्रकारच्या कागदाचं. म्हणून निवडणुकीचा वाद हा शेवटी हक्कनोंदीचा वाद झाला, आणि तो सोडवायला बसले ते ज्यांना निकालात स्वार्थ होता तेच लोक.

चाळीस शिलिंग

काउंटीच्या मताधिकाराचं मूळ १४३० च्या कायद्यात आहे. सहाव्या हेन्रीच्या कारकिर्दीत तो झाला. निवडणुकीला फार माणसं गोळा होतात, त्यांतली बरीचशी किरकोळ ऐपतीची असतात आणि तरीही मोठ्या सरदारांच्या बरोबरीने आपला आवाज धरला जावा असा त्यांचा आग्रह असतो, अशी तक्रार त्याच्या प्रस्तावनेतच आहे. त्यावर उपाय ठरला तो असा: काउंटीतल्या फ्रीहोल्ड, म्हणजे ढोबळमानाने पूर्ण मालकीच्या, जमिनीतून, सगळा बोजा वजा जाता, वर्षाला किमान ४० शिलिंग म्हणजे २ पौंड उत्पन्न असेल त्यालाच मत.

हा आकडा पुढची चारशे वर्षं कुणी बदलला नाही. पैशाची किंमत मात्र घसरत राहिली. १४३० मध्ये वर्षाला ४० शिलिंग निव्वळ मिळवणारा शेतकरी खाऊनपिऊन सुखी होता. अठराव्या शतकात एखाद्या सुताराचं घर आणि मागचा तुकडाही त्या मापात बसू लागला. लोकांना आत घ्यावं असं कुणाच्या मनात आलं नव्हतं, तरी दार रुंद होत गेलं.

कागदावर मतदाराने काउंटीत राहावं अशीही अट होती. ती व्यवहारात केव्हाच गळून पडली आणि १७७४ मध्ये रीतसर रद्द झाली. त्यामुळे माणूस लंडनला राहो की ब्रिस्टलला, जमीन ऑक्सफर्डशायरमध्ये असली की त्याचं मत ऑक्सफर्डशायरमध्ये. तीन काउंट्यांत जमीन असली तर तिन्ही काउंट्यांत मत. बायकोच्या नावच्या फ्रीहोल्डवर नवरा मत देई. विधवेची स्वतःची जमीन असली तरी तिला मत नसे. मत जमिनीचं, पण ते उच्चारायला पुरुषाचं तोंड लागे.

जमिनीतून मत उगवायचं तर ती जमीन कुठल्या काउंटीत आहे हे आधी ठरायला हवं, आणि जुन्या काउंट्यांच्या सीमा मोठ्या विलक्षण होत्या. ऑक्सफर्ड शहरातून थोडं पश्चिमेला चालत गेलं, टेम्सचे प्रवाह ओलांडले, की बॉटली आणि हिंक्सी ही गावं लागतात. ती बर्कशायरमध्ये होती, थेट १९७४ पर्यंत. उलट रेडिंगसमोरचं कॅव्हरशॅम १९११ पर्यंत ऑक्सफर्डशायरचं. बर्फर्डजवळचं विडफर्ड चारी बाजूंनी ऑक्सफर्डशायरने वेढलेलं, पण होतं ग्लॉस्टरशायरचं. बिस्टरजवळचं कॅव्हर्सफील्ड तसंच बकिंगहॅमशायरचं. संस्थानांच्या काळात आपल्याकडे सांगली-मिरजेच्या बाजूला एका संस्थानाची गावं दुसऱ्याच्या मुलखात विखुरलेली असत, तसंच हे चित्र. विडफर्डच्या शेतकऱ्याचे सगळे व्यवहार बर्फर्डच्या बाजारात, पण त्याचं मत ग्लॉस्टरशायरला. असे बेटासारखे तुकडे मतदानापुरते १८३२ मध्ये, आणि पुढे १८४४ च्या कायद्याने पूर्णपणे, शेजारच्या काउंटीत सामील केले गेले. १८३२ पर्यंत कित्येक शतकांपूर्वीच्या कुठल्या तरी सरदाराच्या किंवा मठाच्या मालकीची रेघ माणसाचा मतदारसंघ ठरवत होती.

नकलेवरची जमीन

आता प्रकरणाचा गाभा. फ्रीहोल्ड म्हणजे ढोबळमानाने पूर्ण मालकीची जमीन, पण कायद्याची व्याख्या त्याहून चमत्कारिक होती. एखाद्याच्या हयातीपर्यंत दिलेला पट्टा फ्रीहोल्ड मानला जाई. तीन माणसांची नावं घालून, त्यांतला शेवटचा मरेपर्यंत जमीन तुझी, असा पट्टा असला तरी तो फ्रीहोल्डच. मात्र ९९ वर्षांचा, किंवा अगदी ९९९ वर्षांचा मुदतपट्टा फ्रीहोल्ड नव्हता, त्यावर मत नव्हतं. दुसऱ्याच्या जमिनीवर बसवलेल्या कायम वार्षिक हक्काच्या रकमेवर मत मिळे. गावच्या धर्मगुरूला चर्चच्या जमिनीवर मत मिळे.

आणि या सगळ्याच्या बाहेर होता कॉपीहोल्डर.

इंग्लंडमधली बरीच शेतजमीन मॅनर नावाच्या जमीनदारी घटकांत मोडत असे. मॅनरचा एक धनी, त्याचा कारभारी आणि मॅनरचं एक न्यायसभावजा दप्तर. जमीन विकायची झाली की विकणारा या सभेत येऊन एक काठी कारभाऱ्याच्या हाती देई, म्हणजे जमीन धन्याला परत केली. कारभारी तीच काठी घेणाऱ्याच्या हाती देई. घेणारा नजराणा भरे, दप्तरात फेरफार नोंदला जाई आणि त्या नोंदीची नक्कल घेणाऱ्याला मिळे. ही नक्कल हाच त्याचा हक्काचा पुरावा, म्हणून नाव कॉपीहोल्ड. तो मेला की कित्येक मॅनरमध्ये त्याच्या गोठ्यातलं सर्वांत चांगलं जनावर धन्याला जाई.

नकलेत शब्द असत ते साधारण असे: धन्याच्या मर्जीने, मॅनरच्या रिवाजानुसार. त्यातली मर्जी कधीचीच नावापुरती उरली होती. सोळाव्या शतकापासून राजाची न्यायालयं कॉपीहोल्डरला संरक्षण देत होती आणि रिवाज पाळला तर धनी त्याला हुसकावू शकत नव्हता. बऱ्याच मॅनरमध्ये जमीन बापाकडून मुलाकडे जात होती, विकली जात होती, गहाण पडत होती. आपल्या पेशवाईतल्या गावगाड्यात मिरासदार आणि उपरी असा भेद होता. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, उपऱ्याची कराराची. त्या भाषेत सांगायचं तर कॉपीहोल्डरची वहिवाट मिराशीची आणि कागद उपऱ्याचा.

म्हणजे वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची, आजोबापणजोबांपासून चालत आलेली जमीन कसणाऱ्याला मत नाही, आणि त्याच्या शेजारी २ पौंडांच्या तुकड्याचा फ्रीहोल्डर मतदार. ऑक्सफर्डशायरच्या वादात आणखी एक गुंतागुंत होती. काही मॅनर 'प्राचीन राजजमिनी'त मोडत, म्हणजे १०६६ च्या सुमारास त्या थेट राजाच्या होत्या अशी डूम्सडे बुक या अकराव्या शतकातल्या जमीनपाहणीच्या दप्तरात नोंद. तिथल्या कुळांना जुन्या सवलती होत्या आणि आपण साधे कॉपीहोल्डर नाही, रिवाजी फ्रीहोल्डर आहोत, असा त्यांचा दावा होता. या दाव्यात तथ्य आहे की नाही यावर कायद्याचे पंडितही एकमत नव्हते.

चव्वेचाळीस वर्षांची शांतता

ऑक्सफर्डशायरच्या भागातून संसदेत एकूण नऊ सदस्य जात: काउंटीचे दोन, ऑक्सफर्ड शहराचे दोन, विद्यापीठाचे दोन, वुडस्टॉकचे दोन, बॅनबरीचा एक. वुडस्टॉक म्हणजे मार्लबरोच्या ड्यूकचा उंबरठा. काउंटीच्या दोन जागा मात्र मानाच्या, आणि त्या टोरी जमीनदारांकडे होत्या. १७१० नंतर काउंटीत मतदान म्हणून झालंच नव्हतं. बडी मंडळी आपसांत नावं ठरवत आणि निवडणूक चालवणाऱ्या शेरीफासमोर ती पुकारली की काम झालं. ४४ वर्षं एकाही फ्रीहोल्डरला मत द्यायची वेळ आली नव्हती. मताधिकार असणं आणि मत देता येणं यांत किती अंतर असू शकतं, ते या एका आकड्यात दिसतं.

१७५२ पासून मार्लबरोचा ड्यूक, लॉर्ड हारकोर्ट आणि मॅकल्सफील्डचा अर्ल या व्हिग सरदारांनी ही शांतता मोडायचं ठरवलं. टोरी स्वतःला जुना गट म्हणवत, हे झाले नवा गट. पुढची दोन वर्षं काउंटीत मेजवान्या, पत्रकं, गाणी आणि शिवीगाळ यांना ऊत आला. खर्च हजारो पौंडांत गेला. ज्यूंना नागरिकत्वाची वाट मोकळी करणारा कायदा सरकारने १७५३ मध्ये केला आणि ओरड झाल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस मागे घेतला. तो मुद्दा टोरींनी व्हिगांविरुद्ध मनसोक्त वापरला, आणि त्या प्रचारातला द्वेष आज वाचतानाही अंगावर येतो. दुसरा मुद्दा दिनदर्शिकेचा. १७५२ मध्ये ब्रिटनने नवी दिनदर्शिका स्वीकारली, २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. त्या सुधारणेमागचा एक प्रमुख माणूस होता खगोलशास्त्रज्ञ मॅकल्सफील्डचा अर्ल, आणि उमेदवार लॉर्ड पार्कर हा त्याचाच मुलगा. चित्रकार विल्यम होगार्थने या निवडणुकीवरून स्फुरलेली चार चित्रं काढली. त्यांतल्या पहिल्या चित्रात 'आमचे अकरा दिवस परत द्या' असा फलक जमिनीवर पडलेला दिसतो. ही चित्रं आज लंडनच्या सर जॉन सोन संग्रहालयात आहेत.

ब्रॉड स्ट्रीट

संपूर्ण काउंटीसाठी मतदानाचं ठिकाण एकच, ऑक्सफर्डची ब्रॉड स्ट्रीट. उत्तरेच्या टोकाच्या बॅनबरीकडचा शेतकरी असो की दक्षिणेच्या हेन्लीकडचा, त्याने इथेच यायचं. त्याच्या प्रवासाचा, जेवणाचा, मुक्कामाचा खर्च उमेदवारांनी करायचा. खर्च एवढा का फुगे, त्याचं हे एक साधं कारण.

गुप्त मतदान १८७२ मध्ये आलं. त्याआधी मतदाराने मंचावर चढून मोठ्याने नावं सांगायची आणि कारकुनाने लिहून घ्यायची. मतनोंदवहीत मतदाराचं नाव, राहण्याचं गाव, फ्रीहोल्ड कुठे आहे आणि मत कुणाला, असं सगळं असे, आणि ती छापून विकली जाई. कोणत्या कुळाने धन्याच्या इच्छेविरुद्ध मत दिलं हे धन्याला घरबसल्या वाचता येई.

मतदारयादी मात्र नव्हती. ती १८३२ नंतरची. त्याआधी पात्रता तपासायची ती मंचावर, तिथल्या तिथे. विरोधी पक्षाचा वकील हरकत घेई आणि मतदार शपथ घेई की माझं ४० शिलिंगांचं फ्रीहोल्ड आहे, मी ते वर्षभर धारण केलं आहे, मत देण्यासाठी कुणी खोटंखोटं माझ्या नावावर केलेलं नाही. १७४५ च्या कायद्याने आणखी एक कसोटी घातली होती: त्या जमिनीवर जमीनकर आकारलेला असला पाहिजे. करपट्टीवरून मतदार ओळखण्याची ही रीत आपल्या आजोबा-पणजोबांनीही पाहिली. १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळासाठी ग्रामीण भागात बहुतेक जिल्ह्यांत ३२ रुपये, आणि रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात १६ रुपये, सारा असलेल्या जमिनीवर मत मिळत असे.

मतदानाच्या दिवसांत टोरी समर्थकांनी मंचाची वाट अडवून धरली. व्हिग मतदारांना पुढे सरकता येईना. एक्सेटर कॉलेज व्हिगांच्या बाजूचं आणि त्याची मागची बाजू ब्रॉड स्ट्रीटला लागून. कॉलेजने आपली दारं उघडली, मतदारांना एका बाजूने आत घेतलं, खाऊपिऊ घातलं आणि दुसऱ्या बाजूने मंचाशी नेऊन सोडलं. टोरी विद्यापीठात ही बंडखोरीच होती आणि कुलगुरूंनी त्याचा जाहीर निषेध केला. मतदान संपताना मॉडलिन पुलावर व्हिगांच्या मिरवणुकीवर हल्ला झाला आणि धुरांडी साफ करणाऱ्या एका माणसावर पिस्तूल झाडलं गेलं. त्याला मत असण्याची शक्यता जवळजवळ नव्हती.

चारही उमेदवारांच्या मतांची बेरीज ७८५६ होते. प्रत्येकाला दोन मतं, म्हणजे साधारण ३९०० मतदार मंचावर चढून गेले असावेत. दुसरा टोरी आणि पहिला व्हिग यांच्यातलं अंतर ९५ मतांचं, पहिला टोरी आणि दुसरा व्हिग यांच्यातलं १४३ मतांचं. दीडशेच्या आसपास कॉपीहोल्डरांची मतं ग्राह्य धरली, किंवा तेवढीच समोरची मतं बाद केली, तर निकाल उलटतो.

शेरीफाने हात झटकले

व्हिगांनी छाननी मागितली आणि शेरीफाने ती सुरू केली. मुंबईच्या नगरपालाचं जुनं नाव शेरीफ. त्या पदाचं मूळ हेच, पण अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये काउंटीची निवडणूक तोच चालवत असे. एकेका मताचे कागद, साक्षी आणि रिवाज तपासता तपासता मे महिना संपत आला. निवडणुकीचा हुकूमनामा परत पाठवायची मुदत आली तरी छाननी पुरी झाली नव्हती. तेव्हा शेरीफाने दोन जागांसाठी चारही नावं पाठवून दिली आणि निवाडा हाऊस ऑफ कॉमन्सवर सोपवला. पळवाट म्हणून त्याला दोष देता येतो, पण मला त्याची अडचण खरी वाटते. कॉपीहोल्डरला मत आहे की नाही हे कायद्यात स्वच्छ लिहिलेलं नसताना ते त्याने एकट्याने कसं ठरवावं?

कॉमन्स तेव्हा आपल्याच सदस्यांच्या निवडणुकीचे वाद स्वतः ऐकत असे. या सभागृहात व्हिगांचं भक्कम बहुमत होतं. १७५४ च्या हिवाळ्यापासून १७५५ च्या एप्रिलपर्यंत साक्षी-पुरावे चालले. कोणाचा पट्टा हयातीचा, कोणाची जमीन कोणत्या मॅनरची, कोणाचं उत्पन्न ४० शिलिंग भरतं. एवढं होऊनही कॉपीहोल्डरला सर्वसाधारणपणे मत आहे असा स्पष्ट निवाडा सभागृहाने दिला नाही. बहुमताने पार्कर आणि टर्नर निवडून आल्याचं तेवढं जाहीर केलं.

हीच गोष्ट मला सर्वांत टोचते. कॉपीहोल्डरच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ होतं. त्याची जमीन पक्की होती, तो कर भरत होता, त्याच्या डोक्यावरची धन्याची मर्जी कधीच संपली होती. व्हिगांना त्याच्या मतांची गरज पडली, ती त्यांनी घेतली आणि त्याचा हक्क मान्य न करता पुढे गेले. एवढं मोठं बहुमत हाताशी असताना एका ओळीचा ठराव त्यांना जड नव्हता. तो केला असता तर मात्र इतर काउंट्यांतले हजारो कॉपीहोल्डर आत आले असते, आणि ते कुणाला मत देतील याची खात्री नव्हती.

टोरींनीही त्याची बाजू घेतली नाही. त्यांना खटका होता तो फक्त जागा गेल्याचा. सर जॉन फिलिप्स या टोरी सदस्याच्या पुढाकाराने १७५८ मध्ये कायदा झाला: मॅनरच्या दप्तराच्या नकलेवर जमीन धारण करणाऱ्याने काउंटीच्या निवडणुकीत मत देऊ नये, दिल्यास दंड ५० पौंड. या कायद्याची वकिली करणारी पुस्तिका लिहिली ती विल्यम ब्लॅकस्टनने, पुढे ज्याच्या कायद्यावरच्या ग्रंथांनी इंग्रजी न्यायव्यवस्थेला वळण दिलं त्यानेच. जमिनीवरच्या हक्काचा इतिहास खणून कॉपीहोल्डर हा मुळात दुसऱ्याच्या मर्जीवरचा माणूस आहे, हे त्याने दाखवलं. दस्तऐवजांच्या पातळीवर तो बरोबर असेलही. शेतावरची वस्तुस्थिती त्याच्याच काळात निराळी होती आणि ती त्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. ज्याचं मत मोजून चार वर्षांपूर्वी दोन माणसं संसदेत बसली, त्याच माणसाने आता तेच मत दिलं तर ५० पौंड दंड, म्हणजे मताच्या पात्रतेला लागणाऱ्या वार्षिक उत्पन्नाच्या २५ पट.

काउंटीत पुन्हा शांतता झाली. १७६१ मध्ये दोन्ही गटांनी एकेक जागा वाटून घेतली: एक मार्लबरो घराण्यातल्या लॉर्ड चार्ल्स स्पेन्सरला, दुसरी सर जेम्स डॅशवूडला. मतदान झालं नाही. पुढची कित्येक दशकं तेच चाललं.

निवडणुकीचे वाद सबंध सभागृहाऐवजी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या समितीने ऐकावेत हा बदल १७७० मध्ये झाला. ते न्यायाधीशांकडे गेले १८६८ मध्ये. कॉपीहोल्डरला मत मिळालं १८३२ मध्ये, पण त्याच्यासाठी मर्यादा १० पौंडांची होती. शेजारच्या फ्रीहोल्डरसाठी ती २ पौंडांचीच राहिली. कॉपीहोल्डरची मर्यादा १८६७ मध्ये ५ पौंडांवर आली. १८८४ मध्ये काउंट्यांतल्या कुटुंबप्रमुख पुरुषांना घराच्या आधारावर मत मिळालं आणि जमिनीचा प्रकार बहुतेकांपुरता गौण ठरला. कॉपीहोल्ड ही पद्धतच १ जानेवारी १९२६ पासून बंद झाली आणि उरलेल्या सगळ्या नकला एका दिवसात फ्रीहोल्ड झाल्या.